टाका ओढून बघणारे सर

शिवलेलं काहीही दिसलं की आमचे टाकेवाले सर ते ओढून बघत. पिशवीचा बंद, पाहुण्याच्या सदऱ्याचं बटण, काही सुटत नसे. सदर बाजारातले शिंपी त्यांना येताना पाहून तयार कपडे आत ठेवत, असं आमचा ब्राह्मणपारा मोहल्ला कौतुकाने सांगे. सर होते हाडांचे सर्जन.

खो-खो खेळताना माझ्या गुडघ्यातली गादी फाटली आणि फाटका तुकडा सांध्यात मधोमध जाऊन अडकला. पाय सरळच होईना. आधीच्या डॉक्टरांनी तुकडा कापून टाकायचं ठरवलं होतं. चालशील म्हणाले, खेळायचं विसर. मी सरांसमोर भोकाड पसरलं.

"काहून रडून राहिली, पोट्टी? कापाले कैची पुरते, शिवाले अक्कल लागते. मी शिवतो."

ही अक्कल ते मटणाच्या दुकानातून आणत. बकऱ्याचा गुडघा घ्यायचा, गादी फाडून शिवायची आणि वजनं टांगून टाका कधी सुटतो ते बघायचं. घर तर असं, की चातुर्मासात कांदाही वर्ज्य. एकदा हळदीकुंकवाला सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, बर्फीचा समजून नेमका गुडघ्याचा डबा बायकांपुढे उघडला! काकू भडकल्या, तर सर शांतपणे म्हणाले, "खाऊन नाही राहिलो, शिवून राहिलो."

मला त्यांनी खराटा हातात घेऊन समजावलं. गादीतले धागे या काड्यांसारखे लांबच लांब जातात. "काड्यांमधून दोरी ओवली तर निसटते, वेढा घातला तर धरते. म्हणून टाका उभा घालाचा." ऑपरेशननंतर मात्र उकिडवं बसायला सक्त बंदी. गुडघा पूर्ण दुमडून भार दिला की टाक्यावर ताण येतो. आणि खो-खोत बसायचं ते उकिडवंच! मी महिनोन्‌महिने मैदानाबाहेर चरफडत बसले, तेही खुर्चीवर.

शेवटी एकदा गुडघा वाकवून, दाबून, फिरवून सर म्हणाले, "हव. आता बस."

पुरानी बस्तीच्या संघाशी सामना होता. मी चौकोनात बसले. पाठीवर थाप पडली, "खो!" मी उठले, धावले आणि त्यांची सगळ्यात चपळ पोरगी बाद केली. मैदान माझ्या नावाने दणाणलं. सर मात्र शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारून ओरडत होते, "धरला! टाका धरला!"

पुढे सर मुलाकडे पुण्याला राहायला निघाले. स्टेशनवर मी त्यांच्या बॅगेचा बंद ओढून पाहिला, तेव्हा ते हसले. मग मी फलाटावर चक्क उकिडवी बसून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आशीर्वाद द्यायचं विसरून सर माझ्या गुडघ्याकडेच बघत राहिले.