तीन फटक्यांची सूट
कॉलेजच्या मैदानावर गवत कापलं की त्या ओल्या वासासरशी मला आमच्या बिदरमधलंच गोल्फचं मैदान आठवतं. अप्पा तिथं गवताची निगा राखायचे. मी पहिल्या वर्षाला होते. इंग्रजीच्या जादा तासाला बसणाऱ्यांना वर्गातली मुलं 'कच्चं लिंबू' म्हणायची, म्हणून तो तास सोडायचं मी ठरवलं होतं. ठरवलं त्याच दुपारी अप्पांचा डबा घेऊन मैदानावर गेले, तर तिथं खेळणारे एक म्हातारे सर म्हणाले, "ये, एक डाव खेळू. कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालेल तो जिंकला. तुला तीन फटके सूट." अप्पा हसले, "सरांना एकबी सूट लागत न्हाई, बघ." मी हळूच म्हटलं, "मग मलाबी नको." "कामून?" सर म्हणाले. "मी काय आईच्या पोटातून शिकून आलतो? अठ्ठावीस फटके सूट घेऊन सुरू केलो. खेळ सुधारत एकेक परत करायला वीस वर्षं लागली." माझा पहिला फटका तर हवेतच गेला. सरांनी तीन फटक्यांत चेंडू खळग्यात घातला, मला सहा लागले. सूट वजा केली आणि बरोबरी झाली. सरांनी टोपी काढून हात पुढं केला. हात मिळवावा की पाया पडावं, मला कळेना. दुसऱ्या दिवशी मी जादा तासाला गेले. परवा मॅडम म्हणाल्या, "आता तुला या तासाची गरज नाही." तेव्हा सगळ्यात आधी सरांना सांगावंसं वाटलं.