आबांचा फिका चहा

आमच्या डोंगरकडा गावात बातमी अशी होती की मुंजाजी आबा नांदेडच्या दवाखान्यातून सलाईनसकट पळून आले. हाताला सुई, सुईला नळी, नळीला बाटली आणि बाटली एसटीच्या खिडकीला टांगलेली. कंडक्टरनं म्हणे विचारलं, "बाबा, हे काय?" तर आबा म्हणाले, "हिचं अर्धं तिकीट घ्या."

बातमी शेजारच्या मालनबाईंनी आणली होती. मालनबाई सांगताना आधी डाव्या गालावर हात ठेवतात, मग उजव्या, आणि "मी कायबी म्हनत न्हाई माय, पन..." असं म्हणून सगळं म्हणून टाकतात. संध्याकाळपर्यंत त्या सलाईनच्या दोन बाटल्या झाल्या आणि मागं एक नर्सही धावायला लागली.

आता खरं काय ते. बाटली होती. तिच्यात आजीनं दिलेलं लिंबू-साखरेचं पाणी होतं. आबांच्या बोटांना बाटली धरली की सुटली हे कळेना, म्हणून पप्पांनी ती जाळीच्या पिशवीत घालून खिडकीच्या गजाला अडकवली. सुई नव्हती, नर्स नव्हती, आणि पळायचं तर नावच काढू नका. चौथ्या केमोनंतर आबांच्या तळपायांना खालची जमीन कळत नाही. त्या दिवशी एक चप्पल एसटीतच राहिली आणि आबा स्टँडपासून घरापर्यंत एका चपलेवर चालत आले. आजीनं पायाकडं बघून विचारलं, "दुसरी कुठंय?" आबा म्हणाले, "हाय की पायात," आणि नसलेल्या चपलेचा पाय ऐटीत पुढं केला.

मुंजाजी आबा म्हणजे माझे आजोबा. प्रोस्टेटचा कॅन्सर, आणि कळला तेव्हा हाडांपर्यंत पोचलेला. केमोचे सहा डोस ठरले होते, चार झाले होते. पाचव्यासाठी गेले तर डॉक्टरांनीच परत पाठवलं. हे डॉक्टर प्रत्येक वाक्याआधी पेनचं बटण दोनदा दाबतात, चष्मा नाकावर खाली आणतात आणि "आता कसंय, काका" असं म्हणतात. "आता कसंय, काका. दुखणं सध्या दबलंय. हाडं दुखायची थांबली, रिपोर्ट चांगला आलाय." टिकटिक. "आता कसंय, काका. हा आजार मुळासकट जाणारा नाही, ते मी आधीच सांगितलंय. उरलेल्या दोन डोसांनी थोडा फायदा होईल, कदाचित होणारही नाही. पण हातापायांचा बधिरपणा वाढला तर तो कायमचा राहू शकतो." टिकटिक. "आता कसंय, काका. हार्मोनचं इंजेक्शन चालूच राहील. केमो मात्र पूर्ण करायची की इथंच थांबवायची, हे तुम्ही घरी बोलून ठरवा. पुढच्या आठवड्यात या."

घरी बोलून ठरवा! आमच्या घरात भेंडी करायची की वांगं, हे कधी बोलून ठरलेलं नाही.

पण आबांना ठरवाठरवीची भीती नाही, कारण त्यांचा सगळा जन्म त्यातच गेला. आबा सोयरिका जुळवतात. गोरेगावचं पोरगं, कळमनुरीची पोरगी, इकडची मावशी, तिकडचा मामा, सगळं त्यांच्या डोक्यात. कुणाच्या घरी लेकरू लग्नाला आलं की आईबापाच्या आधी आबांना कळतं. त्यांनी जुळवलेली लग्नं मोडत नाहीत अशी ख्याती आहे, आणि तिच्या मागं एक खुबी आहे, जी फक्त पोरींना माहीत असते.

पाहुणे पोरगी बघायला यायच्या आधी आबा मागच्या दारानं चुलीपाशी जातात आणि पोरीला हळूच सांगतात, "बाई, चार मानसांत तुला न्हाई म्हनता येनार न्हाई. मन नसंल तर माझ्या एकट्याच्या कपात साखर टाकू नको." मग बैठकीत चहा येतो. सगळे गोड चहा पितात. आबांचा फिका निघाला तर आबा तोंड जरासुद्धा वाकडं न करता कप संपवतात, मिशी पुसतात आणि म्हणतात, "मंडळी, घाई करू नका. मला जरा दुसरीकडं बी बघू द्या." झालं, सोयरीक गेली. लोक आबांना शिव्या घालतात, पोरीला कुणी काही म्हणत नाही.

ही खुबी आबांना सुचली ती आजीमुळं. आबा सोजराबाईला, म्हणजे आजीला, बघायला गेले तेव्हा तिनं त्यांना फिका चहा दिला होता. आजी अजून सांगते, "मला ह्यो मानूस नको व्हता. कान केवढाले! तोंडानं बोलायची सोय न्हवती, म्हून साखरच टाकली न्हाई. म्हनलं, समजून जाईल. तर हे बेनं म्हनतं कसं, लई फस्कलास चहा!" हे आजीनं लग्नानंतर तीन लेकरं झाल्यावर सांगितलं. आबा त्या दिवशी इतके खजील झाले की तेव्हापासून प्रत्येक पोरीचा चहा नीट चाखून पितात.

तर केमोची बैठक बसली. रीतसर, सोयरिकीसारखी. ओसरीवर सतरंजी अंथरली. एका बाजूला सेनगावचे शेषराव, आजीचे भाऊ, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. एका बाजूला पप्पा. मधे आजी, आणि खांबाला टेकून आबा, स्वतःच्याच लग्नात पाव्हणा आल्यासारखे.

शेषराव मामा कुठंही बोलतात ते धावत्या गाडीत मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं. "दाजी! तिकीट शेवटच्या स्टापचं काढलंय का न्हाई? मग मधीच कसं उतरता? सहा म्हंजी सहा!"

आबा म्हणाले, "शेषराव, आपलं गाव आलं तरी मानूस बसूनच राह्यला, तर तुमी त्याला उतरवता का डेपोत नेता?"

"दाजी, मस्करी करून नका राहू!"

पप्पा म्हणाले, "मामा, त्यांच्या पायाला चटका बसला तरी कळत न्हाई. परवा गरम राखेत पाय होता."

"पायाचं काय घेऊन बसला, रवींद्र! मानूस वाचला पायजे!"

"वाचतील असं नाही म्हणाले ना डॉक्टर. थोडा फायदा म्हणाले. कदाचित."

"कदाचित म्हंजी व्हय! आमच्या महामंडळात कदाचित म्हनले की गाडी येतीच!"

"येती," आबा म्हणाले, "पन कवा, ते कुनी सांगत न्हाई."

सगळे हसले. आजी हसली नाही. ती सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "त्या दोन डोसांनी दोन दिवस जरी वाढले, तरी ते माझे हायेत. मी कुनाला देनार न्हाई."

पप्पा छताकडं बघायला लागले. आबांनी खांब धरला, उठले आणि म्हणाले, "मंडळी, बसा. चहा मी टाकतो."

आबांनी उभ्या आयुष्यात चहा टाकलेला नव्हता. मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले, नाहीतर गॅसनं मिशी गेली असती. आबांनी पातेलं दोन्ही हातांनी धरलं, तरी ते कुठं संपतं आणि हात कुठं सुरू होतो हे त्यांना कळत नव्हतं. ओट्यावर अर्धं दूध सांडलं. पाच कप मांडले. चारांत साखर टाकली, सांडत सांडत. पाचव्याकडं बघितलं आणि साखरेच्या डब्याचं झाकण लावलं.

"आबा! हा कुणाचा?"

"हळू बोल. तुझ्या आजीचा."

"तोंडानं सांगा ना तिला!"

"तिच्या तोंडावर मला न्हाई म्हनवत न्हाई, दीक्षे. दोन डोस आनखी घेतले तर मी खाटंवरून उठनार न्हाई, हे मला आतून कळून राह्यलंय. जिभंला सगळं खिळ्यासारखं लागतं. मला चार घरं फिरू दे. आपल्या गल्लीतल्या पुनमचं लगीन मी जुळवलंय, तिथं मला माझ्या पायावर जायचंय. पन ती म्हनती दिवस माझे हायेत. त्यावर काय बोलू?"

मी म्हणाले, "पहिल्या घोटालाच आजी कप आदळणार आणि तुमचा उद्धार करणार. लावता पैज?"

आबांचे केवढाले ते कान हलले. पैज म्हटलं की हलतात.

"तू हरलीस तर?"

"घरी करते ती डॉक्टरची नक्कल डॉक्टरपुढंच करते."

"बराबर," आबा म्हणाले. "आन तिनं कप आदळला, तर मी गपगुमान पाचवा डोस घेतो. सहावा बी."

मी साखरेच्या डब्याकडं बघितलं. पण पैज लागली होती, आणि ट्रे माझ्याच हातात होता. आबांनी आजीचा कप कोणता ते डोळ्यानं दाखवलं.

मामा चहा पितानाही बोलत होते. "आता ह्यो चहा! दाजी, चहा अर्ध्यात टाकतो का कुनी?" आजीनं कप उचलला. एक घोट घेतला. थांबली. कपात बघितलं, मग आबांकडं बघितलं. आबा छपराचे पत्रे बघायला लागले, जसं काही त्यांचीच बघणी चालली होती. मामांचं "सहा म्हंजी सहा" चालूच होतं. आजीचा कप सतरंजीपासून एक वीत वर, तसाच. मला वाटलं, आदळला. आता आदळलाच.

आजीनं दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. बशी तोंडाला लावून सांडलेलासुद्धा प्याली. मग पदरानं ओठ पुसले, आणि अगदी आबांच्या आवाजात, घसा खाकरून, म्हणाली, "मंडळी, घाई करू नका. मला जरा दुसरीकडं बी बघू द्या."

मामांचा कप हातातच राहिला. "अक्का! ह्या वयात? दुसरीकडं काय बघतीस?"

पप्पांना ठसका लागला. आबा इतके हसले की खांबासकट हलले. मला तर त्याच वेळी कळलं की माझ्यातला नकलेचा किडा नेमका कुठून आलाय.

आजी आबांना म्हणाली, "मला लगेच कळलं बगा. तुमाला तवा कळलं न्हवतं."

"कळलं असतं," आबा डोळे पुसत म्हणाले, "तर आज ह्यो चहा कुनाला पाजला असता?"

मग आजीनं मुलीकडच्यांसारख्या अटी सांगितल्या. केमो बंद. इंजेक्शन चालू, एकसुद्धा चुकायचं नाही. मागं पट्टा असलेली चप्पल घालायची. चुलीपाशी पाय न्यायचा नाही. आबा जिथं जातील तिथं ती सोबत येणार, पुनमच्या लग्नातसुद्धा, आणि तिथं आबांच्या शेजारीच बसणार. शेषराव मामांनी बराच वेळ मान हलवली आणि शेवटी म्हणाले, "बरं. पन डबल बेल मी देनार," आणि हवेतली दोरी दोनदा ओढली. टण टण.

पुढच्या आठवड्यात आम्ही नांदेडला गेलो. आबा, आजी, पप्पा आणि मी. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, पायाला टाचणी लावून बघितली, आणि म्हणाले ठीक आहे, इथं थांबवू, रिपोर्ट बघत राहू, वाढलं तर पुन्हा बसून बोलू. आजीनं विचारलं, "वाढंल का?" डॉक्टरांनी पेन दाबलं नाही. "कधीतरी वाढेल, आजी," ते म्हणाले. आजीनं मान हलवली आणि आबांच्या चपलेचा पट्टा नीट केला.

मग आबा खुर्चीत सरसावून बसले. कान हलले.

"डाक्टरसाहेब, दोन मिनटं हायेत का? आमच्या नातीला तुमाला काहीतरी दाखवायचंय."

"आबा, नको ना."

"पैज म्हंजी पैज."

डॉक्टर हसून मागं टेकले. पप्पा दाराबाहेर निघून गेले. आजी म्हणाली, "कर की ग, पैजेचं कळलंय मला, मी कपात थेंब बी ठेवला न्हाई." मी टेबलावरचं डॉक्टरांचंच पेन उचललं, नसलेला चष्मा नाकावर खाली आणला, आणि बटण दोनदा दाबलं.

"आता कसंय, काका..."