हिट बाजू कुठली?

रविवार, सकाळचे अकरा. रायपुरातल्या तेलीबांध्याचा एक फ्लॅट, टेबलावर ग्रामोफोन आणि पोह्यांच्या प्लेटा. आमच्या जुन्या रेकॉर्डींच्या कट्ट्यावर दर वेळी नवा किस्सा घडतो आणि आधीचा मिटलेला नसतो. एकाच रेकॉर्डचे किती सांगू!

गाणं लांबलचक, म्हणून कंपनीने ते दोन बाजूंवर कापलं. भाग एकमध्ये वसंतराव प्रश्न विचारतात, भाग दोनमध्ये सुशीलाताई उत्तर देतात. वसंतराव कधीच गेले. सुशीलाताई बुढापारा मोहल्ल्यात एकट्या राहत. कट्ट्याने ठरवलं, जी बाजू हिट, तिच्या गायकाचा सत्कार. अर्धं गाणं हिट! मी तेव्हाच भडकलो.

•

पहिला पुरावा वसंतरावांच्या नातीने आणला.

"अंकल, यूट्यूब पे पार्ट वन के व्यूज़ देखो ना!"

"आणि पार्ट टूचे?"

"वो तो किसी ने डाला ही नहीं."

कट्ट्याने टाळ्या वाजवल्या!

•

मी तडक उरला औद्योगिक वसाहतीत गेलो. तिथल्या रोलिंग मिलमध्ये साहूभैया आहेत, त्यांच्या वडिलांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. त्यांनी त्याच गाण्याची घरची रेकॉर्ड काढून दिली. भाग एक काळाकुळकुळीत. भाग दोन पिनेने घासून घासून राखाडी.

"हव भैया, बारात दरवाजे पे आई कि यही साइड. दूसरी लगाओ तो लोग चिल्लाते थे!"

मला वाटलं, जिंकलो.

•

ती रेकॉर्ड कट्ट्यावर वाजवली. भाग एक स्वच्छ. भाग दोन म्हणजे नुसती खरखर.

कट्ट्याचे अध्यक्ष मुळे वकील म्हणाले, "काहून भांडून राहिले भाऊ? जे आयकूच येत नाही, ते हिट कसं?"

"अहो, वाजवून वाजवून झिजली ती!"

हात वर करून निकाल लागला. शाल वसंतरावांच्या मुलाच्या खांद्यावर. जिथे मी आयुष्यभर बातम्या दिल्या, त्याच पेपराने फोटो छापला. मी दुरुस्ती पाठवली. "जागा नाही," म्हणाले. मला!

•

सुशीलाताईंना सांगायला गेलो, तर त्या हसल्या. "मले शाल नको रे. माझा आवाज एकदा आयकायचा होता. ज्याच्या घरी जावं, तिथं खरखरच. कशी गात होती मी, तेच विसरून गेली."

"तुमची स्वतःची रेकॉर्ड?"

"माहेरीच राहिली. गाणारी पोट्टी आहे, हे सासरी सांगायचं नव्हतं."

•

कोरी कॉपी रायपुरात एकच. कट्ट्यावरच्या देशकर साहेबांकडे, रिटायर्ड इंजिनिअर. ताईंना रिक्षात बसवून त्यांच्या घरी नेलं. साहेबांनी रेकॉर्ड कव्हरातून काढून उजेडात धरली.

"पाहा, अजून पिनच लागली नाही हिला!"

"मग लावा नं," ताई म्हणाल्या.

"ताई, लावली तर ती कोरी कशी राहील?"

मी तोंडाला येईल ते बोललो. ताईंनीच माझी बाही ओढली. "राहू दे रे. जपून ठेवलेली चीज आहे त्यांची."

त्या हिवाळ्यात ताई गेल्या.

परवा देशकर साहेबांनी तीच रेकॉर्ड कट्ट्यावर आणली. मी हातात घेऊन खिडकीपाशी गेलो. भाग एक कोरा करकरीत. भाग दोन राखाडी.

कधी वाजवली, ताई होत्या तेव्हा की नंतर, विचारलं. साहेबांनी अजून सांगितलेलं नाही.