दहावा फर्मा

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बाइंडरकाकांनी एकतीस वर्षं कादंबऱ्या शिवल्या. शिवल्या म्हणजे शिवल्याच, लिहिल्या नाहीत. लिहिणाऱ्यांबद्दल काकांचं मत फारसं बरं नव्हतं. फाटकं पुस्तक आलं की ते आधी उसवायचं, फर्मे सुटे करायचे, नव्या दोऱ्याने शिवायचे, कण्याला सरस लावून पुठ्ठा चढवायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शिकंज्यात दाबून ठेवायचं. फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदाला घड्या घालून झालेली सोळा पानं. इतपत काम कुठलाही बाइंडर करतो. काका त्यापुढचं एक काम करत, जे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुरुस्त झालेलं पुस्तक ते घरी नेत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक चिठ्ठी डकवत. चिठ्ठीवर दोन ओळींत आपलं मत.

वाचनालयातले जुने वाचक पुस्तक मागूनच उघडत. एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीच्या मागे काकांनी लिहिलं होतं, 'घोड्याचं नाव चाळीस वेळा आलं आहे, स्वयंपाक्याचं एकदाही नाही. एवढं सैन्य जेवलं कुठे?' दुसरीच्या मागे, 'पाचशे पानांत एकालाही शिंक आली नाही.' आजकालच्या कादंबऱ्यांनाही ते सोडत नसत. 'नायकाला नोकरी आहे, पण तो कामावर जात नाही. याचा साहेब कोण ते कळवावं.' एका पुरस्कार मिळालेल्या कादंबरीवर तर, 'लेखकाचं वडिलांशी पटत नव्हतं. घरातल्या घरात मिटलं असतं तर कागद वाचला असता.' हा लेखक एकदा तणतणत मागच्या खोलीत आला होता. काकांनी त्याला स्टूल दिलं आणि विचारलं की तुमच्या नायिकेचं पोट कशावर चालतं. तो चहा न घेताच गेला.

काकांचा सिद्धांत साधा होता. जुन्या काळावरच्या कादंबरीत माणसं उद्या आपला पुतळा होणार हे धरून बोलतात, आणि आजच्या कादंबरीत माणसं खिडकीशी बसून बोलतच नाहीत. चारचौघांसारखं बोलणारा माणूस दोन्हीकडे सापडत नाही. तरीही दोन्हींत डावं-उजवं करायची वेळ आली तर ते आजच्या कादंबरीच्या बाजूने उभे राहत, कारण तिच्यात पुढे काय होणार ते निदान ठाऊक तरी नसतं.

काकूंचं नेमकं उलट होतं. काकू म्हणजे काकांची बायको. कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवता शिवता तिचे डोळे अधू झाले होते, बारीक अक्षर दिसत नसे. म्हणून रोज संध्याकाळी काका मोठ्याने वाचत आणि ती पाय लांब करून ऐकत बसे. तिला राजे-राण्या, वेढे आणि तह लागत. काका चिडवायचे की अगं, हा गडी शेवटी लढाईत मरतो हे शाळेतलं पोरही सांगेल, त्यात ऐकायचं काय? तिचं उत्तर ठरलेलं असे.

"शेवट ठाऊक असला की माणूस निवांत बघू शकतो हो. नाहीतर सगळा जीव पुढच्या पानात."

यावर भांडण नको म्हणून संसाराच्या सुरुवातीलाच तोडगा निघाला. एका वेळी दोन पुस्तकं काढायची, एक तिचं आणि एक काकांचं. आता दुसरा कुणी असता तर प्रकरणं मोजली असती. पण घरात बाइंडर होता, त्याचं माप फर्म्याचं. सोळा पानं तिची, सोळा पानं माझी. फर्मा संपला की पुस्तक बदलायचं, मग वाक्य अर्ध्यात तुटलं तरी बेहत्तर. तिच्या राणीचा हात खंजिराकडे गेला रे गेला की काका पुस्तक मिटत आणि त्यांच्या पुस्तकातल्या कारकुनाची रजा नामंजूर होई. मुलगी लहान होती तोवर तिला वाटायचं की ही एकच गोष्ट आहे आणि त्या कारकुनाच्या कचेरीबाहेर हत्ती बांधलेला आहे.

मग काकू आजारी पडली. डॉक्टरांनी सात महिने सांगितले. त्या संध्याकाळी काकांनी तिचं पुस्तक उघडलं तर ती म्हणाली की ते राहू दे, आता तुमचंच वाचा, त्यात पुढचं कळत नाही तेवढं बरं. त्या दिवसापासून सगळे फर्मे काकांचे झाले. तीस वर्षांचा वाद असा एका वाक्यात काका जिंकले, आणि असं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. डॉक्टरांचा हिशेब चुकला नाही.

ती गेली तेव्हा काका रडले नाहीत. लोकांना वाटलं, खमका माणूस आहे. खमका वगैरे काही नाही. दाढ काढताना सुई दिली की गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं त्यांचं झालं होतं, आणि ती सुई उतरतच नव्हती. मुलगी दर रविवारी फोन करून जेवलात का विचारी, ते हो म्हणत, आणि ते खरंही असे. कामावर वेळेवर येत. टाके पूर्वीसारखेच सरळ. संध्याकाळी पूर्वीएवढीच पानं वाचत, आता मनातल्या मनात. फक्त चिठ्ठीवर काय लिहावं ते सुचेना. ते लिहीत, 'ठीक आहे.' एका कादंबरीत बापाच्या डोळ्यांदेखत पोर बुडतं. ठीक आहे. दुसरीत अख्खं शहर जळतं. ठीक आहे. आठ महिन्यांत अशी त्रेचाळीस पुस्तकं ठीक झाली.

ग्रंथपालबाई समजूतदार होत्या, त्या पुस्तकं तशीच कपाटात लावत. पण काकांनाच कळत होतं. डोळे ओळींवरून फिरतात म्हणजे वाचलं असं नव्हे. वाचणं संपलं असेल तर नुसतं शिवायला यंत्रं आहेत, त्यासाठी हा म्हातारा कशाला हवा? त्यांनी एका पांढऱ्या कागदावर चार ओळींचा राजीनामा लिहिला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि महिनाअखेरीला द्यायचा असं ठरवलं. ठरवतानाही त्यांना वाईट वाटलं नाही, हेच त्यांना जरा विचित्र वाटलं.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा गणिताच्या बाई मागच्या खोलीत आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण चूक सापडली की चेहरा उजळायची सवय गेली नव्हती. त्यांच्या हातात एक आजकालची कादंबरी होती, काकांनी तीन महिन्यांपूर्वी शिवलेली. एका फ्लॅटमधलं जोडपं, स्वयंपाकघरातला नळ गळतो, तो कुणी दुरुस्त करून घ्यायचा यावरून दोघांचा अबोला.

बाईंनी पान एकशे चव्वेचाळीस उघडून दाखवलं. बायको म्हणते, मी आता शेवटचं सांगते. पुढचं पान एकशे पंचेचाळीस. तिथे शत्रूचा दूत दरबारात मुजरा करतो. सोळा पानं दरबार चालतो, धमक्या होतात, एक सरदार फितूर निघतो. आणि पान एकशे एकसष्टवर नळ गळतोच आहे.

काकांनी पुस्तक हातात घेतलं आणि चूक कुठे झाली ते क्षणात ओळखलं. त्या आठवड्यात दोन पुस्तकं एकदमच उसवली होती, एकाच प्रकाशकाची, एकाच आकाराची. दहावा फर्मा इकडचा तिकडे गेला. पानांचे आकडे दोन्हीकडे बरोबर लागले, त्यामुळे बोटाने केलेली तपासणी पास झाली. ते उठले आणि कपाटातून ती ऐतिहासिक कादंबरी घेऊन आले. तिच्यात नळाची सोळा पानं बसलेली होती. दोन वाचक ती वाचून गेले होते आणि कुणीही तक्रार केली नव्हती. उलट एकाने नळाच्या पानावर समासात पेन्सिलने 'वा' लिहिलं होतं.

बाई हसल्या. मग त्यांनी दोन्ही पुस्तकांचे मागचे पुठ्ठे उघडले. दोन्हीकडे 'ठीक आहे.'

"काका, तुम्ही ही वाचली नव्हती का?"

नाही म्हटलं असतं तर सुटका होती. पण काकांनी दोन्ही वाचली होती, अथपासून इतिपर्यंत. त्यांना नळ आठवत होता, दूत आठवत होता, आणि दूत आल्यावर जिवाला थोडं बरं वाटलं होतं तेही आठवत होतं. खटकलं काहीच नव्हतं. फर्मा संपला, पुस्तक बदललं, आता तिची पाळी.

"आमच्याकडे असंच वाचतात," ते म्हणाले. "सोळा पानं तिची, सोळा पानं माझी."

बाईंना काही कळलं नाही. काकांनी सांगायला सुरुवात केली, फर्म्याचं माप, खंजीर, कारकुनाची रजा, हत्ती. हत्तीपर्यंत आल्यावर त्यांना पुढे बोलता येईना. दुखत होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा, सरळसरळ, छातीत मधोमध दुखत होतं, आणि ते स्टुलावर बसून दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून रडले. बाई उठून गेल्या नाहीत. त्या पुस्तकांवरची धूळ पुसत बसून राहिल्या.

दुपारनंतर काकांनी दोन्ही पुस्तकं उसवली. फर्मे ज्याच्या त्याच्या घरी गेले. शिवण्याआधी त्यांनी दोन्ही दहावे फर्मे वाचले, या वेळी मोठ्याने. नवरा एकदाचा नळाखाली वाकतो, बायको न बोलता बॅटरी धरून उभी राहते, आणि वायसर बदलूनही नळ गळतो. तिकडे दूत निघून जातो आणि राणी सरदाराला अजून बसायला सांगते, फितुरी कळलेली असूनही.

जुन्या चिठ्ठ्या निघाल्या, आता नव्या हव्या होत्या. खिशातला राजीनामा काढून त्यांनी त्याची खालची कोरी बाजू पट्टीने कापली. बाइंडर कागद वाया घालवत नाही. वरची लिहिलेली बाजू पुठ्ठ्याच्या आत अस्तर म्हणून गेली.

नळाच्या कादंबरीवर त्यांनी लिहिलं, 'दोघं नळावरून दोनशे पानं भांडतात. आपण दोघं आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नाही.'

दुसऱ्या चिठ्ठीला वेळ लागला. खिडकीतला उजेड कमी व्हायला लागला तेव्हा त्यांनी तीही लिहून डकवली. 'शेवट ठाऊक होता. तरी निवांत बघायचं राहून गेलं.'