चौथ्या रांगेचा दिवा

लग्नाआधी तीन वर्षं मी ठाण्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका पार्कमध्ये जहाज चालवायचे. जहाज म्हणजे तो मोठा झुला. चाळीसेक माणसं रांगांमध्ये समोरासमोर बसतात आणि अख्खी नाव हेलकावे घेत वर जाते, इतकी वर की टोकाच्या रांगेतल्यांना समोर फक्त जमीन दिसते. मी आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स केलेलं. मानपाड्याला ज्या कंपनीत लागलेले ती बंद पडली, आणि घरी बसून स्थळं बघण्यापेक्षा हे बरं म्हणून इथे आलेले. मुलगी झुल्यावर कामाला आहे असं आई कोणाला सांगायची नाही. 'मेंटेनन्सला आहे' म्हणायची.

खरोखर मेंटेनन्सला होते ते काका, पार्कमध्ये सगळे त्यांना काकाच म्हणायचे. तीस वर्षं त्यांनी खोपटच्या डेपोत बसगाड्यांचे ब्रेक केलेले, आणि रिटायर झाल्यावर इथे आलेले. रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी ते जहाजाखाली आडवे होऊन ब्रेक बघायचे. मग वर येऊन प्रत्येक रांगेचा बार, म्हणजे मांडीवर येणारा लोखंडी दांडा, दोन्ही हातांनी उचकटून बघायचे. बार नीट अडकला नसेल तर माझ्या पॅनेलवर त्या रांगेचा लाल दिवा लागायचा आणि मोटर सुरूच व्हायची नाही.

एका नोव्हेंबरात चौथ्या रांगेचा दिवा लाल झाला तो जाईना. काकांनी लॉक खोलून मला दाखवलं. "दात झिजलेत बघ. आज धरेल, उद्या सोडेल." त्यांनी त्या रांगेला दोरी बांधली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, लॉक बदलेपर्यंत चौथी रांग बंद. पण एक रांग लाल असली की मोटर हलत नाही, म्हणजे अख्खं जहाज बंद.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब आले. डिसेंबर तोंडावर, शाळांच्या सहली ठरलेल्या. "लॉक बाहेरून यायचंय, महिना जाईल," ते म्हणाले. "तोवर त्या रांगेचं डायरेक्ट करून टाका." डायरेक्ट म्हणजे वायर अशी जोडायची की बार अडको न अडको, पॅनेलला तो अडकलेलाच वाटेल.

"मी नाही करणार," काका म्हणाले.

साहेबांनी वाद घातला नाही. दुपारी बाहेरचा इलेक्ट्रिशियन आला, त्याने दहा मिनिटांत काम केलं. चौथ्या रांगेचा दिवा हिरवा झाला. रांगेत कोणी नसतानाही हिरवा, बार वर असतानाही हिरवा. काकांनी पुन्हा रजिस्टरमध्ये लिहिलं आणि दोरी तशीच ठेवली. आठवडाभर मी त्या रांगेत कोणाला बसू दिलं नाही. मग साहेबांनी स्वतः येऊन दोरी सोडली. मी बघत होते. पुढच्या फेरीला त्या रांगेतही माणसं बसवली. पहिल्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि चौथ्या दिवशी मी त्या रांगेकडे बघणंही सोडून दिलेलं.

कल्याणची एक शाळा आलेली. चौथ्या रांगेत एक बाई, त्यांच्या दोन्ही बाजूंना तिसरी-चौथीतल्या दोन मुली. जहाज पुरतं वर गेलेलं असताना तो बार उडालेला मला दिसला. मी तांबडं बटण दाबलं. पण जहाज बटण दाबल्या दाबल्या थांबत नाही. खालचा ब्रेक नाव त्याच्यावरून जाते तेवढाच वेळ धरतो, मग ती परत सुटते. पाच-सहा हेलकावे तसेच गेले. बाईंनी एक हात पुढच्या सीटच्या दांड्यात अडकवलेला आणि दुसऱ्या हाताने दोन्ही मुलींना पोटाशी आवळलेलं. बाकीच्या रांगांतली पोरं मजेत किंचाळत होती. बाई मात्र एकदाही ओरडल्या नाहीत. उतरवलं तेव्हा त्यांचा खांदा निखळलेला. मुलींना ओरखडाही नव्हता.

अँब्युलन्सच्या आधी इलेक्ट्रिशियन आला. त्याने ती वायर काढून खिशात घातली.

संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कोरं रजिस्टर होतं, पहिल्या पानापासून नवं. जुनं कुठेय, मी विचारलं नाही.

"बटणावर बोट तुझं होतं," ते म्हणाले. आवाज अगदी समजुतीचा. "केस झाली तर पहिलं नाव ऑपरेटरचं येतं. तुझं लग्न ठरलंय ना? लिहून दे, सकाळी मेंटेनन्सने रांग ठीक आहे म्हणून सांगितलेलं. एवढंच."

मी लिहून दिलं. कोणी हात धरून लिहवून घेतलं नाही. शाळेनेही पालक बिथरतील म्हणून तक्रार केली नाही. त्यांना पुढच्या वर्षीची सहल फुकट मिळाली असं नंतर कळलं. काकांना दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं. जहाज रंगवून आठ दिवसांत सुरू झालं, आणि ते चालवायला मीच होते, लग्नापर्यंत.

दोनेक वर्षांनी मानपाडा रोडला काका दिसले. हातात भाजीची पिशवी. मला चुकवता आलं असतं, पण त्यांनीच हाक मारली. घरचं, सासरचं विचारलं. मग मीच म्हटलं, "काका, तेव्हा मी तो कागद..."

"माहिती आहे. दाखवलेला मला," ते म्हणाले. "अक्षर छान आहे तुझं."

ते टोमण्याच्या सुरात म्हणाले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ते नुसतंच म्हणाले आणि रिक्षा थांबवून निघून गेले. पुढे ते वारल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी भेटायलाही गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार?

आता माझी मुलगी पाचवीत आहे. यंदा तिच्या शाळेची सहल त्याच पार्कला जायची ठरली. मी तिच्या बाईंना फोन केला. सांगायचं सगळं मनात जुळवलेलं, लॉक, वायर, तो खांदा. बाई म्हणाल्या, "अहो, काळजी करू नका, त्यांच्याकडे सगळी सर्टिफिकेटं असतात."

"नाही, तसं नाही," मी म्हटलं. "तिला झुल्यावर चक्कर येते."

बाकीची पोरं गेली आणि सुखरूप परत आली. जहाजात बसलेल्या मैत्रिणींचे फोटो मुलीने माझ्यासमोर धरले, आणि पुढचा आठवडाभर ती माझ्याशी धड बोलली नाही.