शेजारच्या सीटवरचा ब्रेक

मोटारीतलं मला सगळं कळतं, असा आमच्या घरात आणि निम्म्या गावात समज आहे. तो मीच पसरवलाय. शाळेत क्लार्क म्हणून लोक मला भाऊसाहेब म्हणतात आणि लग्नकार्याला जाताना कुणाच्याही गाडीत मानानं पुढं बसवतात. पुढं बसलं की माझं तोंड काही थांबत नाही. गियर बदला, हाफ क्लचवर घ्या, त्या टेम्पोच्या मागं कशाला रखडता. खिशात लायसन्स आहे, वीस वर्षांपूर्वी एजंटानं काढून दिलेलं. मी फक्त फोटोपुरता गेलो होतो. स्टिअरिंग मात्र आजतागायत फिरवलेलं नाही, आणि हे बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं.

यंदा मुलगी नगरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली. हॉस्टेलला नंबर लागला नाही. आमचं गाव तिसगावपासून आडबाजूला; प्रॅक्टिकल सुटेपर्यंत इकडची शेवटची एसटी निघून गेलेली असते. त्यामुळं ती प्रॅक्टिकल अर्धवट टाकून यायची. सुट्टीत ती ड्रायव्हिंग शिकली होती, लायसन्सही होतं. तेव्हा जुनी का होईना, गाडी घ्यायची ठरलं. बायको म्हणाली, तुम्हाला कळतं त्यातलं, तुम्हीच बघून आणा. झाली पंचाईत! गाडी बघायची म्हणजे चालवून बघायची.

मग मी एकेक गाडी नापास करत सुटलो. नागापूरच्या एका गॅरेजवाल्याची पहिली गाडी मी दाराला हातही न लावता 'क्लच जड आहे' म्हणून सोडली. दुसरीच्या नंबरची बेरीज आठ आली, म्हणजे शनी. जन्मात एक शनिवार मी धरलेला नाही! भिंगारला एका रिटायर्ड फौजीची गाडी आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होती. तिथं मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, दोन मिनिटं चाचपडलो आणि उतरून मुलीच्या कानात सांगितलं, इतकी स्वच्छ आहे म्हणजे काहीतरी लपवतायत. ती माझ्याकडे बघत राहिली.

यात तीन आठवडे गेले. एका सकाळी तिनं सांगितलं की, या आठवड्यात प्रॅक्टिकल बुडालं तर जर्नलवर सही मिळणार नाही आणि वर्ष जाईल. त्याच दिवशी आम्ही तिसगावजवळच्या वस्तीवर एका शेतकरी म्हाताऱ्याकडे गेलो. त्याचा मुलगा रोज नागापूरला कंपनीत जाऊन-येऊन करायचा, आता त्यानं मोठी गाडी घेतली होती. जुनीच्या मीटरवर दोन लाख दहा हजार किलोमीटर. म्हाताऱ्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली.

"लई पळलीय भाऊसाहेब, पन कुटं अडली न्हाई. मारा की एक चक्कर."

मी गाडीभोवती फिरलो, टायरला लाथ मारली, घसा खाकरला. टायरबद्दल काहीतरी बोलणार, तेवढ्यात मुलीकडे लक्ष गेलं. तिनं खाली मान घालून मोबाईल काढला होता आणि परतीची एसटी किती वाजता आहे ते बघत होती. मला माझीच लाज वाटली. माझ्या फुशारकीपायी पोरीचं वर्ष चाललं होतं.

"मला गाडी चालवता येत नाही," मी म्हणालो. "कधीच येत नव्हती."

म्हातारा मला वरपासून खालपर्यंत बघून हसला. "मग मला तरी कुटं येती? पोरगा चालवायचा, मी शेजारी बसून बिरेक दाबायचो." त्यानं डावीकडचं दार उघडून दाखवलं. मॅटला टाचेच्या जागी चांगलं भोक पडलं होतं.

किल्ली मुलीनं घेतली. मी मुकाट्यानं शेजारी बसलो आणि माझी टाच नेमकी त्या भोकात गेली. तिनं गाडी तिसगावच्या चौकापर्यंत नेली, वळवली. मी एकदाही गियरबद्दल बोललो नाही.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "भिंगारला ड्रायव्हरच्या सीटवर बसून तुम्ही बेल्ट डाव्या हाताला शोधत होतात, शेजारी बसल्यासारखा."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं होतं."

गाडी तीच घेतली. पहिल्या दिवशी मीही आवरून, डबा घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसलो. तिनं शांतपणे सांगितलं, बाबा, आज प्रॅक्टिकल पूर्ण करून सही घेऊनच येणार आहे, उशीर होईल, तुम्ही घरीच थांबा. मी उतरलो. ती निघाली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर आला, तिनं गाडी हळू केली, त्याला वाट दिली आणि वळणाआड गेली. बायकोनं दारातून विचारलं, पायाला काय झालं? तेव्हा कळलं, मी अंगणात उभा राहून उजवा पाय जमिनीत रेटत होतो.