भावांची बाजू मांडण्याची पाळी

डिसेंबर २००६, रविवार सकाळ. मारुंजी, आम्ही भाड्याने राहतो त्या घराची गच्ची. हजर: घरमालकीण वहिनी, शेजारच्या खोलीतल्या, शाळेत शिकवणाऱ्या लातूरच्या बाई, आणि मी. गैरहजर कोणी नाही.

हे लिहून ठेवते, कारण गावात अजून सांगतात की भाडेकरणींनी घरमालकिणीचे कान भरले. साफ खोटं आहे. ऐकलं की आजही माझं डोकं फिरतं.

दर रविवारी तांदूळ निवडता निवडता आम्ही वाद घालायचो. गावात बार हवा का, मुलांना इंग्रजी शाळेत घालावं का, काहीही. नियम एकच, मी घातलेला: जे आपल्याला पटत नाही त्याच बाजूने बोलायचं, तेही जीव तोडून. ऑफिसात आठवडाभर साहेबांच्या हो ला हो करून गंजलेलं डोकं इथे घासून निघायचं. बारच्या बाजूने बोलताना बाईंना घाम फुटायचा. पण त्यातूनच कळायचं, आपलं कुठलं मत विचार करून बनलंय आणि कुठलं नुसतं ऐकून.

त्या दिवशी वहिनींनी आल्या आल्या घरचंच सांगायला घेतलं. कासार आंबोलीची वडिलांची जमीन त्यांचे दोघे भाऊ बंगल्यांसाठी विकणार होते. मंगळवारी तालुक्याला, पौडच्या कचेरीत जाऊन वहिनींनी हक्कसोडपत्रावर सही करायची, म्हणजे आपला वाटा भावांना लिहून द्यायचा. बदल्यात एक साडी.

"सही करावी असं वाटत न्हाई," वहिनी म्हणाल्या, "पन न्हाई म्हनायला तोंड उघडंना."

"मग आज तुमची पाळी," बाई म्हणाल्या. "भावांच्या बाजूनं बोला."

"मी? त्यांच्या बाजूनं?"

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "बरं. जमीन भावांनी कसली."

"आणि लग्नाआधी तुम्ही?" मी विचारलं.

"मी भात लावत हुते की, गुडघाभर चिखलात! बरं, ऱ्हाऊ द्या ते. माझ्या लग्नाला त्यांनी खर्च केला."

"त्यांच्या लग्नांना नाही झाला?"

"झाला तर! लोकं काय उपाशी गेली व्हय?" त्यांना हसू आलं. "आवो म्याडम, मला बोलू तर द्या."

"बोला की. अजून काय?"

वहिनींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग थोरल्या भावाचा आवाज काढून म्हणाल्या, "सही न्हाई केलीस तर माहेर तुटलं समज."

"हे कारण झालं?" बाईंनी विचारलं.

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. "ही धमकी हाय. इतके दीस मी हिलाच कारण समजत हुते."

सही करू नका, असं आम्ही दोघींनी एका शब्दानेही म्हटलं नव्हतं.

मंगळवारी भाऊ गाडी घेऊन आले. वहिनी दारातच म्हणाल्या, "सही करनार न्हाई. पन वर गच्चीवर या. मी तुमची बाजू मांडून बघितली, आता तुमी माझी मांडून बघा. मग बोलू."

मी ऑफिसला निघाले होते; थोरला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्या भाड्याच्या बायांनी पढवलंय तुला." धाकटा तर गाडीतून उतरलाच नाही. आल्या पावली दोघं परत गेले.

थोरल्याचं ते बोलणं गावाने उचललं. उचलणारी हीच माणसं देवळापुढे बसून तासन् तास राजकारणावर तावातावाने बोलतात. ती चर्चा. तीन बायका तांदूळ निवडताना बोलल्या, की कान भरले! भाड्याच्या सगळ्या खोल्या एकटीने सांभाळणाऱ्या बाईला स्वतःचं डोकं असेल, हे एकालाही सुचत नाही. वहिनींचा निर्णयसुद्धा त्यांनी काढून घेतला आणि आमच्या नावावर चढवला.

चार वर्षं झाली. सही नाही, म्हणून विक्री नाही. भाऊबीजेला वहिनी दोन पाट मांडतात आणि संध्याकाळी उचलून ठेवतात. दिवाळीच्या माझ्या कामांच्या यादीत यंदाही एक ओळ खोडायची राहिली: दोघा भावांना गच्चीवर आणणे, आणि बहिणीची बाजू त्यांच्या तोंडून एकदा वदवून घेणे.